नवेपणाचा वास

आमच्या सासूबाईंना वास येतो, ही गोष्ट आमच्या घरात कुणी बातमी म्हणून घेत नाही. लिफ्टमध्ये त्यांना ओल्या कुत्र्याचा वास येतो, माझ्या नव्या शर्टाला गोदामाचा येतो आणि माझ्या एका साहेबांना तर त्यांनी चहाला बोलावलेलं असताना तोंडावर सांगितलं होतं की तुम्हाला कापराचा वास येतो. त्यामुळे नव्याकोऱ्या मोटारहोमची, म्हणजे चाकांवरच्या घराची, किल्ली माझ्या हातात पडली, फोटो निघाला, आणि सासूबाई पायरीवर एक पाय ठेवून म्हणाल्या, "गॅसचा वास येतोय", तेव्हा मी किल्लीकडेच बघत राहिलो.

"सांग तुझ्या नवऱ्याला," त्या बायकोला म्हणाल्या. सासूबाई माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी समोर उभा असलो तरी निरोप बायकोमार्फत येतो.

"अहो, आई म्हणते गॅसचा वास येतोय."

"ऐकलं," मी म्हणालो.

गाडी विकणारे गृहस्थ पुढे आले. त्यांचं खरं नाव त्यांच्या खिशावर लिहिलेलं होतं, पण आम्ही पहिल्या भेटीपासून त्यांना हसरेसाहेब म्हणत होतो, कारण त्यांचं हसू चेहऱ्यावर कंपनीतूनच बसवून आल्यासारखं होतं. ते म्हणाले, "आजी, हा नवेपणाचा वास आहे. प्लायवूड, डिंक, गालिचा. आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवा, जाईल."

"डिंकाचा वास मला कळतो," सासूबाई म्हणाल्या. "हा कुजक्या कोबीसारखा आहे."

हसरेसाहेब आणखी हसले. मीही हसलो. आता सांगायला हरकत नाही, मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. नळाला गढूळ पाणी आलं की लोक बाटली भरून घेऊन येतात आणि मी ती उजेडात धरून "थोडा वेळ स्थिर होऊ द्या" असं सांगतो. त्यामुळे तक्रार करणाऱ्या माणसाला हसतमुखाने घरी कसं पाठवायचं, ही विद्या मला येते. हसरेसाहेब माझीच विद्या माझ्यावर चालवत होते आणि मी मात्र त्यांच्या सफाईचं मनातल्या मनात कौतुक करत होतो.

गाडी सुंदर होती. म्हणजे लांबून. आत दोन शेगड्यांचा ओटा, प्रोपेन गॅसवर चालणारा फ्रिज, मागे मोठा पलंग आणि फ्रिजला लागून जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर एक बुटका दिवाण. तो सासूबाईंचा. गाडी घरी आली त्याच दिवशी चमच्यांचा खण ओढताना फक्त त्याचा पुढचा भाग माझ्या हातात आला, चमचे आतच राहिले. कपाटाचं दार उघडलं की मिटत नव्हतं, आणि बाहेरचं दार मिटलं की उघडत नव्हतं. ते मुठीला धरून वर उचलायचं आणि गुडघ्याने ढकलायचं, अशी एक युक्ती मी शोधून काढली आणि सगळ्यांना मोठ्या अभिमानाने शिकवली. फुकटच्या बिघाडावर आपण स्वतः शोधलेल्या उपायाचा माणसाला जो अभिमान वाटतो, त्यावरच अशा कंपन्या चालत असाव्यात.

दुसऱ्या दिवशी फ्रिज चालवून बघावा म्हणून मी सिलिंडरची चावी उघडली. तासाभराने आमच्या इमारतीच्या आवारात एक किंकाळी उठली. दिवाणाच्या पायथ्याशी, जमिनीलगत, साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी बसवलेली होती. गॅस गळला की ती ओरडते, असं गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं. ती ओरडत होती.

इमारतीत किंकाळी ऐकून कुणी मदतीला येवो न येवो, सल्ला द्यायला येतातच. सर्वांत आधी आले वरच्या मजल्यावरचे तज्ज्ञ. तज्ज्ञ हे त्यांचं नाव नाही, ती त्यांची अवस्था आहे. त्यांनी गाडीत शिरून छताकडे बोट केलं.

"गॅस वर जातो," ते म्हणाले. "फुगा कुठे जातो? वर. वरची झडप उघडा आणि छताशी वास घ्या."

मग मी, तज्ज्ञ आणि तळमजल्यावरचे वकील असे तिघे पलंगावर उभे राहून छताला नाकं लावून वास घेऊ लागलो. छताला डिंकाचा वास होता. आमच्या पायांखाली दिवाणावर बसलेल्या सासूबाई म्हणत होत्या, "अरे, इथे आहे, इथे, खाली." पण तीन पुरुष छताचा वास घेत असताना खालून आलेल्या सूचनेला काय किंमत असते, ते सांगायला नको.

एवढ्यात समोरच्या ताई हातात सुगंधी मेणबत्ती घेऊन आल्या. "वास येतोय ना? ही लावा. लव्हेंडर आहे." त्यांनी काडेपेटीही आणली होती. माझी बायको बालवाडीत शिकवते. तिने ताईंच्या हातातली काडेपेटी अशी काही काढून घेतली की ताई लहान मुलीसारख्या हात मागे बांधून उभ्या राहिल्या. तेव्हा मी हसलो होतो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

मी सिलिंडर बंद केला. डबी गप्प झाली. आणि मग मला आमच्या सगळ्या संकटाचं मूळ सापडलं. सासूबाई गुडघ्यांवर मारायचा एक स्प्रे वापरतात. मी तो उचलला, डबीसमोर धरला आणि एकदा फुस्स केलं. डबी किंचाळली.

"बघा!" मी म्हणालो. तज्ज्ञांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वकिलांनी "पुरावा निर्विवाद आहे" असं मत दिलं. सासूबाईंनी माझ्या हातातून स्प्रे घेतला, पिशवीत टाकला आणि त्या गाडीतून उतरून घरी निघून गेल्या. उतरताना दार अडलं. मी ते वर उचलून, गुडघ्याने ढकलून त्यांना उघडून दिलं. मोठ्या मनाने.

दोन दिवसांनी मी सिलिंडर पुन्हा उघडला, आणि स्प्रे घरात, सासूबाई घरात, आणि गाडीत कुणीच नसताना डबी पुन्हा ओरडली.

आता मी फोन उचलला. गाडीच्या कंपनीतली मुलगी फार गोड बोलत होती. ती म्हणाली, फ्रिज आमचा नाही, फ्रिजवाल्यांना विचारा. फ्रिजवाले म्हणाले, आमचा फ्रिज गळत नाही, गळला तर जोड गळेल, आणि जोड गाडीवाल्यांनी बसवलेला. डबीवाल्यांकडे मोठी आशा होती. तिथल्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे यंत्र वाजतंय?"

"हो! सारखं!"

"मग यंत्र उत्तम आहे. अभिनंदन."

शेवटी हसरेसाहेबांनी गाडी दुरुस्तीला नेली. बरेच आठवडे ती त्यांच्या कारखान्याच्या मागच्या अंगणात उभी होती. मी अधूनमधून जाऊन कुंपणातून बघत असे, इस्पितळात नातेवाइकाला बघावं तसं. एकदा तिच्या पायरीवर बसून दोन मेकॅनिक डबा खात होते. मी हात हलवला. त्यांनीही हलवला. काम चालू आहे, असं मला वाटलं.

गाडी परत आली. मी सिलिंडर उघडला, फ्रिज लावला आणि डबीसमोर उकिडवा बसलो. डबी गप्प. तासभर बसलो. गप्प. हसरेसाहेबांना फोन करून मी आभार मानले. त्यांनी "आमचं कर्तव्यच आहे" असं म्हटलं आणि फोनवरूनसुद्धा त्यांचं हसू मला ऐकू आलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, आई म्हणते, वास गेलेला नाही."

"डबी गप्प आहे."

"आई म्हणते, डबी गप्प आहे म्हणूनच तिला जास्त भीती वाटते."

यावर मी काय बोललो ते इथे सांगत नाही. एवढंच सांगतो, की वय झालं म्हणजे नाकसुद्धा हट्टी होतं, अशा अर्थाचं काहीतरी मी आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो.

तरी सासूबाई आमच्या पहिल्या सहलीला आल्या. "मुलगी त्यात झोपणार, तर मी घरी काय करू?" असं त्या म्हणाल्याचं बायकोने मला सांगितलं.

तळ्याकाठी गाड्या लावायची जागा होती. तिथे बायकोचा दादा आणि वहिनी आपल्या साध्या मोटारीतून आम्हाला भेटायला आले. दादा म्हणजे मोठा गडबड्या माणूस. दुसऱ्याच्या घरात गेला की आधी सगळी बटणं दाबून बघणार, मग खुर्चीवर बसणार. माझी गाडी बघून तो खूश झाला. मला अर्थातच तेच हवं होतं. दादाने आजवर माझी कुठलीही वस्तू बघून "बरी आहे" याच्या पुढचा शब्द काढलेला नव्हता, आणि आज त्याने फ्रिज उघडून "वा!" म्हटलं होतं.

वाऱ्याचा जोर होता. तळ्यावरून गार भपके येत होते, म्हणून आम्ही सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, वरची झडपही लावली. सिलिंडर मी आल्याआल्या उघडला होता. प्रवासात तो बंद ठेवावा असं पुस्तिकेत होतं आणि मी पुस्तिका मानणारा माणूस आहे. आम्ही चौघे टेबलाभोवती बसून बोलत होतो. सासूबाई दिवाणावर आडव्या होत्या. दुपार कलली होती.

"चहा मी करणार," दादा म्हणाला. "ही शेगडी मला चालवून बघायचीच आहे."

तो उठला. ओट्यापाशी जाऊन त्याने पातेल्यात पाणी घातलं.

सासूबाई दिवाणावर उठून बसल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मला गरगरतंय," त्या म्हणाल्या. "इथे खाली फार वास आहे."

"आई, झालं का पुन्हा," दादा म्हणाला.

वहिनी म्हणाली, "मला तर काही येत नाही."

कुणालाच येत नव्हता. आम्ही सगळे वर बसलो होतो. सासूबाईंनी पहिल्यांदाच बायकोकडे न बघता माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी जागचा हललो नसतो. त्यांना भीती वाटत होती.

त्यांचं समाधान करावं, आणि दादासमोर हा विषय एकदाचा मिटवावा, म्हणून मी चांगल्या पँटचा विचार न करता गुडघे टेकले, हात टेकले आणि गालिच्याला नाक लावलं. दादा खो खो हसला. "काय जावईबापू, सासूबाईंना नमस्कार का?"

मी श्वास घेतला.

कुजका कोबी. नुसता वास नव्हे, त्याने माझं नाक आणि डोळे भरून गेले, जणू जमिनीवर त्या वासाचं तळं साचलं होतं आणि मी त्यात तोंड बुडवलं होतं. तेवढ्यात माझ्या कानाशी, दिवाणाला लागून, फ्रिजच्या तळातून आवाज आला. टिक. टिक. टिक. टिक. गॅसवर चालणाऱ्या त्या फ्रिजच्या पोटातली ज्योत विझली होती आणि ती पुन्हा पेटवण्यासाठी तो आपोआप ठिणगी टाकत होता.

मग तो थांबला.

मी मान वर केली. दादाच्या एका हाताचा अंगठा शेगडीच्या बटणावर होता. दुसऱ्या हातात लायटर.

माझ्या आयुष्यात मला ओरडायची इतकी इच्छा कधी झाली नव्हती, आणि ओरडलो तर दादा दचकून बटण दाबेल हेही कळत होतं. खिडकीवर बसून इतकी वर्षं जो आवाज मी वापरला, तोच माझ्या तोंडून निघाला. "दादा, हात आहे तसाच ठेवा. बटण दाबू नका. लायटर हळूच ओट्यावर ठेवा."

"का? काय झालं?"

"सासूबाईंचं खरं आहे."

दादाने लायटर असा ठेवला की जणू तो अंडं ठेवतोय.

पुढची सूत्रं बायकोने हातात घेतली. "सगळ्यांनी हात मागे," ती बालवाडीच्या आवाजात म्हणाली. "दिव्याला हात लावायचा नाही, मोबाइलला लावायचा नाही, कशालाच लावायचा नाही. दादा, तू सुद्धा. वहिनी, उठ. दाराकडे, एकामागे एक." आणि खरोखर आम्ही एकामागे एक उभे राहिलो.

मी दाराची मूठ धरली. वर उचलली. गुडघ्याने ढकललं. दार हललं नाही. गाडी त्या उतारावर किंचित कललेली होती आणि आमचं सगळ्यांचं वजन एका बाजूला आलं होतं. मी पुन्हा उचललं, जोर लावला, आणि मूठ माझ्या हातात आली.

नव्याकोऱ्या गाडीच्या दाराची मूठ हातात धरून मी दाराकडे बघत उभा होतो.

टिक. टिक. टिक.

"खिडकी," बायको म्हणाली.

टेबलामागे संकटकाळची खिडकी होती, लाल दांडीची. दांडी खाली आली, पण खिडकी रंगाने चिकटलेली. दादाने तिला पाठ लावली आणि तो पैलवानासारखा मागे रेटला. चर्र आवाज होऊन खिडकी बाहेरच्या बाजूला उघडली. दादा मला म्हणाला, "तुम्ही जा, सिलिंडर बंद करा. मला जागा पुरायची नाही."

मी डोकं आधी घातलं. ही चूक होती. संकटकाळच्या खिडकीतून पाय आधी घालावेत. मी कमरेपर्यंत बाहेर आलो, पँट कसल्याशा बिजागरीत अडकली, आतून कुणीतरी (वहिनी, असं मला मागून कळलं) दोन्ही पायांना धरून मला लोटलं, आणि पँटचा अर्धा भाग खिडकीला अर्पण करून मी ओल्या गवतात तोंडावर पडलो.

उठलो तर समोर, दहा पावलांवर, शेजारच्या गाडीचे एक आजोबा उघड्यावर स्टोव्ह मांडून अंडी तळत होते.

"विझवा!" मी ओरडलो. आता ओरडायला हरकत नव्हती. "विस्तव विझवा! गॅस!"

आजोबांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पँटकडे, आणि झारा पुढे धरून मागे सरकले. मी त्यांना समजावत बसलो नाही. सिलिंडरच्या कप्प्याकडे धावलो, झाकण उपटलं, चावी फिरवली. चावी उलटी फिरवतोय की सुलटी, हे घाईत कळत नाही. एकदा उलटी फिरवली, मग सुलटी, मग ती थांबेपर्यंत पिळली. मागे चुर्र आवाज झाला. आजोबांनी तवा, अंडी आणि स्टोव्ह यांवर बादली ओतली होती.

खिडकीतून वहिनी आली, मग दादा, खांदे तिरके करत, शिव्या देत. मग कुणीच नाही.

"आई!" दादाने हाक मारली.

आतून सासूबाईंचा आवाज आला. क्षीण होता, पण ठाम. "मी खिडकीतून येणार नाही. मी काय चोर आहे?"

"आई, अगं, ऐक ना!" बायको आत होती. दोघीही आत होत्या.

टिक. टिक. हा आवाज मला बाहेर ऐकू येणं शक्य नव्हतं. पण येत होता.

मी दाराशी गेलो. बाहेरच्या बाजूला मूठ होती, पण तिच्यावर आता माझा भरवसा नव्हता. मी दाराच्या खालच्या फटीत दोन्ही हातांची बोटं घातली आणि दादाला म्हणालो, "वर." आम्ही दोघांनी मिळून दार उचललं. दार नव्हे, मला वाटतं त्या बाजूची सगळी गाडीच उचलली. "ढकल!" मी बायकोला म्हणालो. आतून तिने खांदा मारला. दार उघडलं आणि बायको आईला कमरेला धरून पायरीवर आली. सासूबाईंना पायरी उतरवेना. मी त्यांना दोन्ही हातांवर घेतलं. वजन काहीच नव्हतं. इतकी वर्षं ज्या बाईला मी दचकून होतो तिला एवढंच वजन आहे, हे मला त्या घटकेला चमत्कारिक वाटलं.

आम्ही गाडीपासून लांब, तळ्याच्या काठापर्यंत गेलो. वाऱ्यात त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी डोळे किलकिले केले आणि थेट मला म्हणाल्या, "जावईबापू, माझा चष्मा आत राहिला."

"राहू दे," मी म्हणालो.

"जवळच आहे, दिवाणावर."

"नाही," मी म्हणालो. सासूबाईंना मी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

आणि मग धप्प झालं. स्फोट म्हणावा इतकं मोठं नव्हतं. जड गादी वरच्या मजल्यावरून पडावी तसा आवाज. वरची झडप उडून झाडात गेली, खिडक्यांतून एकदा निळा-पिवळा उजेड फिरला, आणि दिवाणाच्या बाजूचा पडदा पेटला. तिथे लोकांकडे आग विझवायची नळकांडी होती, ते धावले. दादा गवतात बसला. त्याचा लायटर अजून ओट्यावर होता. बायकोने माझा हात धरला तो अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत सोडला नाही, आणि आजोबांनी एक टॉवेल आणून माझ्या कमरेला गुंडाळला.

अग्निशमन दलाच्या अधिकारी बाईंनी फ्रिजमागची फळी काढली. जळक्या दिवाणाच्या मागे प्रोपेनच्या नळीचा जोड होता. त्यांनी दोन बोटांनी नट फिरवला. फिरला.

"हा पान्ह्याने कधी आवळलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "हाताने लावून सोडून दिलाय. प्रवासात हादरे बसून आणखी सैल झाला."

मी डबीबद्दल विचारलं. त्यांनी ती उचकटली. मागची वायर कापून तिच्या टोकांना नीटनेटकी काळी पट्टी गुंडाळलेली होती. दुरुस्तीविभागाने तिला गप्प कसं केलं, ते आता कळलं.

"आणि प्रोपेन वर जात नाही का?" मी विचारलं.

"खाली बसतो," त्या म्हणाल्या. "हवेपेक्षा जड असतो."

सासूबाई आजोबांचाच दुसरा टॉवेल पांघरून तिथेच बसल्या होत्या. त्या मला काहीही म्हणू शकल्या असत्या. त्यांनी अधिकारी बाईंना एवढंच विचारलं, "अशा आणखी किती गाड्या असतील हो?"

कंपनीची गोड बोलणारी मुलगी म्हणाली, अशी तक्रार आमच्याकडे पहिलीच आहे. मग म्हणाली, पडदे बदलून मिळतील. मी दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीवर बसलो तेव्हा एक बाई बाटलीत गढूळ पाणी घेऊन आल्या. मी नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं, ते मिटलं, आणि टोपी घालून त्यांच्याबरोबर त्यांचा नळ बघायला गेलो. शिपाई समजला की मी आजारी पडलो.

रविवारी सासूबाई सकाळीच तयार होऊन बसल्या. नवा चष्मा, हातात छोटी उशी. "जावईबापू, मला त्या दुकानात न्या."

दुकानात गर्दी होती. फुगे लावले होते, नव्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, दारं उघडी, फ्रिज चालू, लोक आतबाहेर करत होते. सासूबाई पहिल्या गाडीत चढल्या, जमिनीवर उशी टाकली आणि तिच्यावर बसल्या. वाकून वास घेतला. उठल्या. पुढच्या गाडीत. मी मागून उशी घेऊन. एक पोटुशी मुलगी नवऱ्याबरोबर दिवाणावर बसून बघत होती. तिने विचारलं, "आजी, काय हरवलं?"

सासूबाईंनी तिला सांगितलं. थोडक्यात, न रंगवता. मुलगी दिवाणावरून उठली, खाली बसली, तिनेही वास घेतला. मग तिचा नवरा. थोड्या वेळाने त्या दुकानात चांगले कपडे घातलेली माणसं गाड्यांच्या जमिनीवर उकिडवी बसून वास घेऊ लागली.

हसरेसाहेब लगबगीने आले. हसू होतं. "काका, हे काय? आजींना बाहेर खुर्ची देतो."

सासूबाई एका गाडीत बराच वेळ बसून राहिल्या होत्या. त्यांनी मला बोट केलं. "तुम्ही बघा." मी इस्त्रीच्या कपड्यांत पालथा झालो.

तोच वास. फिकट, पण तोच.

"हसरेसाहेब," मी जमिनीवरूनच म्हणालो. हे त्यांचं नाव नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. "इथे वाका."

त्यांना वाकायचं नव्हतं. लोक बघत होते. ते वाकले. गुडघे टेकले, नाक खाली नेलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून हसू जाताना मी अगदी जवळून बघितलं. खरं सांगतो, ते बघायची मला फार दिवसांपासून इच्छा होती, पण बघवलं नाही.

"हेच मॉडेल," ते पुटपुटले. "आज सकाळी... माझी बायको मुलांना घेऊन... मीच दिली. सुट्टी आहे म्हणून."

ते धडपडत बाहेर आले, बाहेरच्या पायरीवर बसले आणि फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सासूबाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला.

"कुठे आहात? ... काही पेटवलंय? ... नाही ना? पेटवू नकोस. काही लावू नकोस, काही बंदही करू नकोस. मुलांना घेऊन बाहेर ये. आत्ता. ... चपला राहू दे गं! ... बाहेर? तिघेही? मोज. मोज ना. ... बरं."

त्यांनी फोन कानावरून काढला नाही. डोळे पुसत तसेच बसून राहिले. एवढ्यात एक जोडपं हातात पेढ्यांचा पुडा घेऊन आलं. "साहेब, आमची गाडी आज मिळणार ना? नातेवाईक बाहेर थांबलेत, फोटोसाठी."

हसरेसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग ते उठले, भिंतीवरच्या फळीवर अडकवलेल्या सगळ्या किल्ल्या एकेक करून काढल्या आणि खिशात भरल्या. दोन्ही खिसे फुगले.

"आज कुणालाच मिळणार नाही," ते म्हणाले. "सगळ्यांनी बाहेर चला. दिवे आहेत तसे राहू देत."

लोक बाहेर पडले, मी फिरून सगळे सिलिंडर बंद केले. अग्निशमन दलाच्या अधिकारी बाईंना मी फोन केला, त्या लगेच निघाल्या. हसरेसाहेब दुकानाचं मोठं लोखंडी शटर ओढू लागले. ते जड होतं, आणि किल्ल्यांनी भरलेल्या खिशांमुळे त्यांना वाकता येत नव्हतं.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "एका बाजूनं धरा. एकट्याच्यानं ओढवायचं नाही ते."

मी उशी त्यांच्या हातात दिली आणि एका बाजूनं धरलं.